परक्या चुलीपाशी

दिवाळी अंक उघडला की त्यात एखादे तरी प्रवासवर्णन सापडावे, ही आपल्या वाचकांची जुनी आवड आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता लंडनच्या धुक्यात फिरून यावे, करंजीबरोबर न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहून घ्याव्यात, यात गैर काहीच नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' किंवा पु. ल. देशपांड्यांचे १९६० साली निघालेले 'अपूर्वाई' यांनी मराठी घरांना जो आनंद दिला तो थोडा नव्हे. पण प्रवासी तो प्रवासीच. परतीचे तिकीट त्याच्या खिशात असते, आणि न आवडलेल्या जेवणावर तो विनोद करून मोकळा होऊ शकतो. परदेशी जाऊन राहणाऱ्याची गोष्ट निराळी. तिथले जेवण त्याला रोज जेवायचे असते, तिथली थंडी रोज सोसायची असते, आणि कोणत्या देवाला कोणत्या शब्दांत हाक मारायची, याचा जबाबही कधीकधी परक्या माणसापुढे द्यायचा असतो.

आमच्या मंडणगड तालुक्याला हा विषय केवळ पुस्तकी नाही. खाडीकाठच्या म्हाप्रळ, वेसवी, बाणकोटकडची माणसे आधी गलबतांवर गेली, मग आगबोटींवर गेली आणि अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांत आखाती देशांत गेली. मुंबईचा चाकरमानी तर घरटी एक. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचा बाप त्यांना वर्षातून एकदा दिसतो. म्हणूनच, परदेशात राहिलेल्या माणसाने मराठीत काय लिहून ठेवले आहे, हे शोधण्याचा नाद मला लागला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पंडितांच्या मोजपट्ट्या माझ्यापाशी नाहीत. पण कादंबरी लिहिताना आणि मुलांना धडे शिकवताना एक साधी कसोटी हाती लागली आहे. परदेशाबद्दलचे पुस्तक वाचून संपल्यावर आपल्याला आपल्याच घराकडे नव्याने बघावेसे वाटते की नाही? वाटत असेल तर ते पुस्तक टिकाऊ समजावे.

या कसोटीला उतरणारे माझ्या मते पहिले मोठे मराठी पुस्तक म्हणजे पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. ते १८८९ साली प्रसिद्ध झाले. रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी शिकणे-शिकवणे दोन्ही केले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला हजर राहण्यासाठी रमाबाई अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्या. जायचे होते थोड्या दिवसांसाठी. राहिल्या जवळजवळ पावणेतीन वर्षे. आनंदीबाई मात्र मायदेशी परतून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वारल्या. एकीचे लिहायचे राहून गेले, दुसरीने दोघींच्या वाटचे लिहिले, असे हे पुस्तक वाचताना मला नेहमी वाटते.

पुस्तकाची मांडणी प्रवासवर्णनाची नाही. बोटीचा प्रवास थोडक्यात उरकून बाई थेट देशाच्या कारभाराकडे वळतात. मग घरे, घरातली रीत, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम असे एकेक दालन उघडतात. वाचकाला हात धरून नेणाऱ्या, पण लाड न करणाऱ्या कडक शिक्षिकेसारखा त्यांचा स्वर आहे. आकडे आणि संस्थांची नावे यांची गर्दी इतकी की रविवारच्या दुपारी वाचायला घेतले तर डोळा लागावा. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. पण थोडा धीर धरला तर त्या गर्दीमागचा हेतू दिसतो. तिथल्या बायकांनी वर्गणी कशी गोळा केली, सभा कशा भरवल्या, दारूबंदीसाठी एकजूट कशी केली, शाळा आणि इस्पितळे कशी चालवली, हे बाई सांगतात ते आपल्याकडच्या वाचकाला त्यातले काहीतरी करता यावे म्हणून. पाककृती लिहिणारी बाई जशी मीठ किती ते विसरत नाही, तशा या आकडे विसरत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच अमेरिकेतल्या मुक्कामात, १८८७ साली, त्यांनी 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक लिहून आपल्या घरातल्या विधवेचे दुःख अमेरिकन वाचकांपुढे ठेवले. दोन वर्षांनी अमेरिकन घर मराठी वाचकांपुढे ठेवले. एकाच लेखणीने दोन उलट दिशांना लिहिलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. परदेशस्थाची जागा उंबरठ्यावर असते. आतल्यांना बाहेरचे आणि बाहेरच्यांना आतले सांगत त्याला उभे राहावे लागते. दोन्हीकडच्या लोकांना त्याचा थोडा थोडा राग येतो, हेही ओघाने आलेच.

रमाबाई अमेरिकेवर भाळल्या होत्या, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. त्यांना आश्रय देणारी घरे बहुतेक सुशिक्षित, चर्चला जाणाऱ्या, सुधारणेच्या कामात पडलेल्या माणसांची होती. गिरणीत राबणाऱ्या किंवा नुकत्याच बोटीतून उतरलेल्या गरिबाच्या खोलीत पाहुणी म्हणून राहिलेल्या बाईने अमेरिकेचे निराळे चित्र काढले असते. पण भाळलेला माणूस यजमानाचे दोष सांगत नाही; रमाबाई सांगतात. मूळ रहिवाशांची भूमी कशी बळकावली गेली, काळ्या माणसांना गुलाम करून कसे विकले, गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही रंगाचा विटाळ कसा उरला, हे त्या स्पष्ट लिहितात. स्त्रियांना मताचा अधिकार नाही, हेही सुनावतात. जातिभेदाच्या देशातून गेलेल्या बाईला रंगभेद ओळखायला वेळ लागला नाही. घरचा रोग ठाऊक असला की परक्या घरातला खोकलाही कानाला कळतो.

आता श्रद्धेविषयी. नुकताच नवा धर्म घेतलेल्या बाईच्या या मराठी ग्रंथात तिच्या मनातली उलाघाल जवळजवळ दिसत नाही. ती पाहायची तर त्यांची इंग्रजी पत्रे वाचावी लागतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ती प्रसिद्ध केली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो मला एखाद्या कादंबरीहून सरस वाटतो. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण अंडी घातलेले पुडिंग खाईनात. सिस्टरांना वाटले, हा जुन्या जातीचा ताठा अजून गेला नाही. रमाबाईंनी उत्तर दिले, ताठा म्हणायचा तर म्हणा, पण माझे शाकाहारी अन्न मी सोडणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यांना संस्कृत हवी होती. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादे मत मान्य करायलाही त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतलेली ही बाई दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे ती वाकवीना.

या पत्रांतले भांडण वरवर पाहता खाण्यापिण्याचे आहे, आणि म्हणूनच ते खरे आहे. श्रद्धा बदलते ती मनात, पण तिची परीक्षा होते ताटावर. आपल्या कथा-कादंबऱ्यांत धर्मांतर करणारी पात्रे पानेच्या पाने तत्त्वचर्चा करतात; जेवायला बसल्यावर त्यांचे काय होते, हे कोणी लिहीत नाही. रमाबाईंच्या पत्रांतून आम्ही लिहिणाऱ्यांनी एवढे जरी उचलले तरी पुष्कळ झाले.

मार्च १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखची. १८९३ साली तिचा विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला. कर्वे मुरुडचे, म्हणजे आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातले. गोदूबाईची बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी वैधव्य आलेली ही बाई पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरली, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, इंग्रजीचे तुटपुंजे ज्ञान घेऊन अमेरिकेला गेली. त्यांचे आत्मचरित्र 'माझी कहाणी' १९२८ साली आले.

रमाबाई अमेरिकेत व्याख्यात्या आणि पाहुण्या होत्या. पार्वतीबाई लोकांच्या घरी काम करून राहिल्या आणि भाषा शिकायला धडपडल्या. त्यामुळे 'माझी कहाणी'त अमेरिकेची लोकस्थिती नाही, पण अमेरिकेचे स्वयंपाकघर आहे, आणि तेही मोलकरणीच्या बाजूने पाहिलेले. रमाबाईंची विद्वत्ता पार्वतीबाईंपाशी नाही. भाषा साधी, कधी कोरडीही. तरीही कित्येक ठिकाणी मला पार्वतीबाई अधिक जवळच्या वाटतात. परक्या घरात भांडी घासणाऱ्या माणसाला त्या घराचे जे दिसते, ते दिवाणखान्यात चहा पिणाऱ्याला दिसत नाही. आमच्या तालुक्यातून आखातात गेलेला माणूसही बहुधा दिवाणखान्यात बसलेला नसतो.

या ओळीत तिसरे लेखन घेतो ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांचे मूळ गाव आंबडवे, याच मंडणगड तालुक्यातले. ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथून लंडनला. परदेशवासावर त्यांनी प्रवासवृत्त लिहिले नाही. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी आठवणींत परतल्यानंतरची हकीकत आहे, आणि परदेशवासावर इतके भेदक लिखाण मी वाचलेले नाही. ते सांगतात की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती परत आली. राहायचे कुठे? शेवटी पारशांच्या उतारूगृहात पारशी नाव सांगून राहिले. कंदिलाच्या उजेडात वाचत रात्री काढल्या. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एका हिंदू स्नेह्याने नोकर निघून जातील असे सांगितले, एका ख्रिस्ती स्नेह्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. इतक्या धर्मांची दारे, आणि एकही उघडेना. मग ते सार्वजनिक बागेत जाऊन गाडीची वाट पाहत बसले.

या लिखाणात अलंकार नाही, आक्रोश नाही. प्रसंग नुसता सांगितला आहे. रमाबाईंना परदेशात आपल्या ताटासाठी झगडावे लागले. बाबासाहेबांना परदेशात जे सहज मिळाले ते मायदेशी पैसे देऊनही मिळाले नाही. परका देश कोणता आणि आपला कोणता, हा प्रश्न ती थोडी पाने वाचल्यावर सोपा राहत नाही. ज्या तालुक्यातून त्यांचे घराणे निघाले त्या तालुक्यात बसून मी ती वाचतो, तेव्हा तर मुळीच नाही.

रमाबाईंच्या ग्रंथाचे पुढे काय झाले? शारदा सदनात धर्मप्रसार चालतो, या आरोपावरून १८९३ च्या सुमारास मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. बाईंवरच्या रागात बाईंचे पुस्तकही आपण माळ्यावर टाकले, अशी माझी समजूत आहे. २००३ साली त्याची एक सोडून दोन इंग्रजी भाषांतरे निघाली, त्यातले एक मीरा कोसंबींचे. जगाने ते वाचायला घेतले; ज्यांच्यासाठी ते मराठीत लिहिले गेले त्या घरांत मात्र ते क्वचितच दिसते. एखाद्याची श्रद्धा आपल्याला पटत नसेल, पण त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते नाकारण्याचे कारण नाही.

आज परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांची संख्या रमाबाईंच्या काळाशी तुलना करण्याजोगी राहिलेली नाही. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या आपल्या माणसांनी बरेच लिहिले, अजून लिहीत आहेत. पण आखातातल्या खोलीत सहा जणांबरोबर राहणारा, पाळीने डाळभात रांधणारा, दुपारच्या उन्हात मचाणावर चढणारा आणि नमाज किंवा गणपती परक्या कॅलेंडरात बसवणारा कोकणी माणूस आपल्या साहित्यात फारसा आलेला नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे नाही म्हणावे, तर तसे नाही. रजेवर आल्यावर आपण त्याला पगार किती आणि पेटीत काय आणलेस एवढेच विचारतो.

यंदाच्या दिवाळीत किंवा ईदेला असे कोणी घरी आले, तर वाचकहो, दोन प्रश्न जास्त विचारा. तिथे जेवायला काय करता, आणि कोणाच्या पंगतीला बसता? मिळेल ते उत्तर वहीत टिपून ठेवा. मराठी साहित्याला त्याची गरज आहे.