अच्युत कानविंदे : सावलीचा हिशेब

कादंबरी आवडली नाही, तर मिटून ठेवता येते. इमारतीचे तसे नाही. ती एकदा उभी राहिली, की आवडो न आवडो, दोन-तीन पिढ्यांना तिच्यात दिवस काढावे लागतात. तरीही पुस्तकांवर आपण पानेच्या पाने लिहितो आणि इमारतींवर एक ओळही लिहीत नाही. म्हणून यंदा कादंबऱ्या बाजूला ठेवून एका मराठी वास्तुशिल्पज्ञाविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. नकाशे मला वाचता येत नाहीत. पण इमारतीत राहणाऱ्या बहुतेकांना ते येत नाहीत, एवढाच काय तो माझा आधार.

निमित्त घडले ते आमच्या वरूडकडचेच. मी शिकवीत होतो त्या शाळेत जुन्या कौलारू वर्गांच्या जागी सपाट स्लॅबच्या खोल्या आल्या. पश्चिमेला मोठमोठ्या खिडक्या आणि बाहेर व्हरांडा नाही. मार्च लागताच मुले दुपारी वह्यांनी वारा घेऊ लागली. बांधकाम चालू असतानाच मी गवंड्याला विचारले होते. तो म्हणाला, "गुरुजी, नकाशात व्हरांडाच नाई, त मी कुठून आनू?" नकाशा काढणाऱ्याने वऱ्हाडचे ऊन अंगावर घेतले नव्हते, हे उघड होते. तेव्हापासून नव्या पद्धतीच्या बांधणीवर माझा राग बसला. तो राग उतरविला कानविंद्यांनी.

अच्युत कानविंद्यांचा जन्म 1916 साली कोकणातल्या आचरे गावी झाला. आई लहानपणीच गेली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचा हात धरूनच मुलगा रेषेकडे वळला आणि पुढे जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकला शिकला. 1945 साली सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे गुरू लाभले ते वॉल्टर ग्रोपिअस, म्हणजे जर्मनीत 1919 साली 'बाउहाउस' ही विख्यात कलाशाळा स्थापणारे. इमारतीचे रूप तिच्या कामातून यावे, वरून चिकटविलेली नक्षी नको, ही त्या गुरुकुलाची शिकवण. परत आल्यावर वैज्ञानिक संशोधन परिषदेसाठी त्यांनी प्रयोगशाळांच्या इमारती केल्या आणि 1955 साली दिल्लीत शौकत राय यांच्यासह स्वतःची कचेरी थाटली.

अहमदाबादची 'अटिरा' ही कापड-संशोधन संस्थेची इमारत त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी. रेखीव, स्वच्छ, नेटकी. पण छायाचित्रांतून पाहताना मला ती काहीशी परकी वाटते. गुरूचा धडा शिष्याने अचूक म्हणून दाखवावा, तशी. टीकाकाराने येथेच थांबून निकाल दिला असता, तर फसला असता.

कारण पुढे कानपूरची आय.आय.टी. आली. तिचे काम 1959 साली सुरू झाले. पुतण्याला पोचविण्यासाठी मी एकदा तेथे गेलो होतो. जुलैचा उकाडा, हातात ट्रंक. काँक्रीटच्या चौकटी, मध्ये लाल विटा, कोठे रंगरंगोटी नाही. पण एका इमारतीतून दुसरीकडे नेणारे छताखालचे लांब रस्ते असे जोडले आहेत, की चालणाऱ्याला सावली सोबत करते. मोटारींची वाट निराळी. ग्रंथालयाजवळ पाणी. त्या सावलीत ट्रंक टेकवून उभा राहिलो आणि मला आमचा नसलेला व्हरांडा आठवला. साहित्य तेच होते : सिमेंट, लोखंड, विटा. म्हणजे दोष स्लॅबचा नव्हता, नकाशा काढणाऱ्याच्या मनात माणूस नव्हता, त्याचा होता.

गुजरातेत मेहसाण्याची दूधसागर डेअरी हे त्यांचे 1970 नंतरचे काम. कारखाना म्हटला की पत्र्याची शेड, ही आपली समजूत. येथे आतली ऊब बाहेर काढणारे उंच झरोकेच छपरावर ओळीने उभे राहून इमारतीला रूप देतात. गुरूचा धडा तोच. आता मात्र तो स्वतःच्या आवाजात म्हटलेला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उघड्या काँक्रीटवर आपला पावसाळा काळे ओघळ सोडतो. निगा नसेल, तर ते रूप उदास दिसते. आणि 1998 साली दिल्लीत पुरे झालेले त्यांचे इस्कॉनचे मंदिर मला डेअरीइतके पटत नाही. शिखरे भव्य आहेत, पण डेअरीच्या झरोक्यांसारखी ती कामातून उगवलेली वाटत नाहीत. तथापि उतारवयातल्या माणसाने नवा विषय हाती घ्यावा, याचे कौतुकच वाटते. 1974 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2002 साली ते निवर्तले.

मुंबईला मुलांची सहल गेली, की वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र दाखवितात. तीही इमारत कानविंद्यांची. आमच्या मुलांना मी यंत्रांआधी इमारत पाहायला सांगतो. ऊन कोठून येते, वारा कोठून येतो, दमलेल्या माणसाने टेकावे कोठे, एवढेच तीन प्रश्न.

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देताना अनेक घरी नव्या माडीचा विषय निघतो. नकाशा काढणाऱ्याला हेच तीन प्रश्न घरातल्या बायामाणसांनी आधी विचारावेत. चुलीपुढची दुपार त्यांनाच काढायची असते.