बाहेरून दहावी आणि वीस गुणांचे प्रयोग

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे ८० गुण लेखी परीक्षेचे व २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. शाळेत नियमित येणाऱ्या मुलाचे हे २० गुण त्याचे शिक्षक देतात. वर्षभर ते मूल डोळ्यांसमोर असते, त्यामुळे वही दुसऱ्याची उतरवली असली तरी शिक्षकाला बहुधा कळते. पण जो विद्यार्थी शाळेत येतच नाही त्याचे काय? १७ नंबरचा फॉर्म भरून 'बाहेरून' परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला मंडळ एक संपर्क केंद्र, म्हणजे एक शाळा, नेमून देते. त्याने तेथे जाऊन प्रकल्प व प्रात्यक्षिके पुरी करावीत अशी अपेक्षा असते. केंद्रावरच्या शिक्षकाने त्याला एरवी कधी पाहिलेले नसते आणि सही मात्र त्यालाच करायची असते. ही सही नेमकी कशाची ग्वाही देते, हा आमचा प्रश्न आहे.

प्रश्न कागदी वाटेल, पण मार्कंड्यासारख्या गावाच्या दृष्टीने पाहिला तर त्याचे वजन कळते. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते तेथे हे गाव आहे. प्राचीन देवळे आणि महाशिवरात्रीची जत्रा यांमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. या पट्ट्यात धानाच्या कापणीला घरातले सगळे हात लागतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता असतो. शाळा सुटलेला मुलगा किंवा लवकर लग्न झालेली मुलगी पुढे दोन-चार वर्षांनी दहावी करू म्हणते, तेव्हा तिच्यापुढे १७ नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय हेच मार्ग उरतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतही अभ्यास केंद्राने तपासायच्या स्वाध्यायांना २० टक्के भारांश आहे. म्हणजे वाट कोणतीही धरली तरी न पाहिलेल्या कामाची पडताळणी कोणाला तरी करावीच लागते.

आज या पडताळणीच्या दोन सोप्या पद्धती संभवतात आणि आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली दयेची. 'बिचारी लांबून येते, २० पैकी १८ देऊन टाकू.' लेखी व प्रात्यक्षिक मिळून ३५ गुणांना उत्तीर्ण होता येते, तेव्हा या १८ गुणांनंतर लेखीत ८० पैकी १७ पुरतात. मुलगी पास होते, पण तिने एकही गोष्ट स्वतः मोजून पाहिलेली नसते. अशी दया म्हणजे 'तुझ्याकडून आमची काही अपेक्षा नाही' असे सांगणेच होय. दुसरी पद्धत संशयाची. शाळेत न केलेले काम आम्ही मानत नाही, असे म्हणून जेमतेम गुण द्यायचे. यात घरी खरोखर प्रयोग करणाऱ्यावर अन्याय होतो.

न तपासलेल्या गुणांवर समाजाचा विश्वास किती, हे २०१९ मध्ये दिसले. त्या वर्षी भाषा विषयांचे २० तोंडी गुण काढून टाकण्यात आले होते. दहावीचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सारी घसरण या एकाच कारणाची म्हणता येणार नाही. पण ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. गुण असावेत की नसावेत यावर भरपूर वाद झाला. ते कसे द्यावेत यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही.

इंग्लंडमध्ये याच संशयाचे टोक गाठले गेले. घरी करायच्या कामात पालकांचा आणि शिकवणीचा हात किती, ही शंका वाढल्यावर २००९ पासून तेथे असे काम वर्गात, देखरेखीखाली करून घेऊ लागले. २०१६ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सोळा वर्षांच्या मुलांच्या विज्ञान परीक्षेतून प्रात्यक्षिकाचे वेगळे गुणच गेले. त्याऐवजी लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण प्रयोगांवरील प्रश्नांना देण्यात आले. फसवणूक थांबली खरी, पण हाताने केलेल्या कामाला गुण उरले नाहीत. पुढे २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द होऊन शाळांनी श्रेणी ठरवल्या, तेव्हा बाहेरून बसणाऱ्या अनेकांना श्रेणीच मिळाली नाही. त्यांच्या कामाची ग्वाही देणारे कोणी नव्हते.

वास्तविक, न पाहिलेले काम तपासणे हा विज्ञानाचा रोजचा व्यवहार आहे. दूरच्या प्रयोगशाळेतले काम आम्ही तरी कुठे डोळ्यांनी पाहतो? आम्ही मूळ नोंदी मागतो, प्रश्न विचारतो आणि शक्य तेथे मोजमाप पुन्हा करतो. फार गुळगुळीत आकड्यांकडे तर अधिकच बारकाईने पाहतो. मेंडेलचे वाटाण्याचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात, हे रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवले आणि त्यावरची चर्चा अनेक दशके चालली.

एक उदाहरण घेऊ. मार्कंड्याच्या विद्यार्थिनीने अंगणात १ मीटर उंचीची सरळ काठी रोवली आणि सप्टेंबरपासून दर आठवड्याला मध्यान्हीची सावली मोजली. मध्यान्ह ठरवण्यासाठी काठीभोवती मोठे वर्तुळ काढायचे. सावलीचे टोक सकाळी व दुपारी ज्या वेळी वर्तुळाला टेकते त्या दोन वेळांचा मध्य घ्यायचा. मार्कंड्याचा अक्षांश २० अंशांहून थोडासाच कमी आहे. म्हणून २३ सप्टेंबरच्या सुमारास सावली सुमारे ३६ सें.मी. आणि २२ डिसेंबरला सुमारे ९४ सें.मी. भरेल. त्या दिवशी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ९ मिनिटांच्या आसपास होईल. आता हीच वही पुण्याच्या कोणाची उतरवलेली असेल, तर डिसेंबरची सावली ९० सें.मी. आणि मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटे दिसेल. वही कोणत्या गावची, हे सूर्यच सांगतो!

यापुढचे काम पंधरा मिनिटांचे आहे. केंद्रावर शिक्षकाने आधी कच्ची वही पाहावी. ढगाळ दिवसांची रिकामी जागा, खोडाखोड, एक-दोन सेंटिमीटरची चूक या गोष्टी खऱ्या कामाच्या खुणा होत. त्यांचे गुण कापू नयेत. मग दोन प्रश्न विचारावेत. 'आज फेब्रुवारीत सावली डिसेंबरपेक्षा लांब असेल की आखूड? का?' शेवटी अंगणात काठी उभी करून मोजायला सांगावे. १५ फेब्रुवारीला साडेबाराच्या थोडे आधी ती ६४ सें.मी.च्या आसपास यायला हवी. वहीतल्या सप्टेंबर व डिसेंबरच्या आकड्यांमध्ये हा आकडा बसतो की नाही, ते विद्यार्थिनीलाच ठरवू द्यावे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, शिक्षकांकडे वेळ नाही. हे खरे आहे आणि म्हणूनच मंडळाने या पंधरा मिनिटांची वेळापत्रकात सोय करावी व त्याचे मानधन द्यावे. दुसरा, विद्यार्थी उत्तरे पाठ करून येतील. पण स्वतःच्या गावच्या सावलीबद्दल आडवेतिडवे विचारलेल्या प्रश्नांना ज्याला उत्तर देता येते आणि जो समोर मोजूनही दाखवतो, त्याला विषय आलाच की!

मार्कंड्याच्या मुलीला प्रयोगशाळा मिळणे अवघड आहे. ऊन, काठी आणि मोजपट्टी तिच्याकडे आहेच. तिने केलेले काम कोणीतरी नीट वाचावे आणि त्यावर तिला विचारावे, एवढा तिचा हक्क आहे. सही त्यानंतर करावी.