'न्यू मून' आवडला नाही, हे ठीक. पण त्यातून सिद्ध काय होतं?

"हा सिनेमा तरुण मुलींवर वाईट परिणाम करतो." संशोधनाच्या प्रस्तावांत हे वाक्य फार सहज लिहिलं जातं. ते किती टिकतं, हे 'ट्वायलाइट' मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमावर, म्हणजे २००९ च्या 'न्यू मून'वर तपासून बघू.

माझं मत आधीच सांगते. सिनेमा रटाळ आहे. सव्वादोन तासांच्या आसपासची लांबी, दोन शब्दांमध्ये चहा पिऊन यावं एवढे थांबे, आणि पावसात विनाकारण उघडी फिरणारी लांडगा-मंडळी. पण ही झाली नापसंती. मार्गदर्शक विचारतील, "बरं, मग?"

मग सिनेमाकडे परत जायचं. बेलाच्या अठराव्या वाढदिवशी तिचं बोट कापतं, रक्त बघून एडवर्डच्या घरातलाच एक व्हॅम्पायर तिच्यावर झेपावतो, आणि तिच्या भल्यासाठी म्हणून एडवर्ड तिला सोडून जातो. ती खिडकीशी खुर्चीत बसून राहते. कॅमेरा तिच्याभोवती फिरतो, बाहेर ऋतू बदलतो, पडद्यावर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशी नावं येतात. हा प्रसंग चांगलाच आहे. विरहाला इतकी जागा देणारे तरुणाईचे सिनेमे कमीच.

खरी गोम पुढे आहे. बेला जीव धोक्यात घालते तेव्हा तिला एडवर्ड दिसतो. अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसली की दिसतो, स्वतः बाइक उडवली की दिसतो, कड्यावरून समुद्रात उडी मारली की दिसतो. स्टेफनी मेयरच्या कादंबरीत अशा वेळी मुख्यतः त्याचा आवाज ऐकू येतो. दिग्दर्शक क्रिस वाइट्झ यांनी तो धुरकट आकृतीसारखा पडद्यावर आणला. बदल छोटा वाटतो, पण त्याने प्रेक्षकाची जागा बदलते. नायक बराच वेळ गायब आहे आणि आपल्याला तो हवा आहे. तिने धोका पत्करला की तो आपल्यालाही मिळतो! शिवाय कड्यावरच्या उडीमुळेच गैरसमज होतो, एडवर्ड मरायला इटलीत व्होल्टेराला जातो, ती त्याला वाचवते आणि खराखुरा एडवर्ड परत येतो. म्हणजे सगळ्यात धोकादायक कृतीला सगळ्यात मोठं बक्षीस.

हा दावा सिनेमाच्या रचनेबद्दल आहे, आणि प्रसंग दाखवून मांडता येतो. त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही शोधायलाच हवा, आणि तो आहे. बेला रात्री किंचाळत उठते. तिचे वडील चार्ली हवालदिल होतात, तिला आईकडे पाठवायचं म्हणतात. जेकबच्या गॅरेजमध्ये बाइक दुरुस्त करताना ती पुन्हा हसायला लागते. या दुःखाची किंमत सिनेमाला कळते, इथपर्यंत मान्य. पण कथेला वळण कशाने मिळतं? जेकबच्या सोबतीने नाही, उडीने. म्हणून दावा टिकतो, फक्त थोडा आवरता घ्यावा लागतो.

आता "मुलींवर परिणाम". हा दुसराच दावा, आणि त्याला सिनेमा पुन्हा पुन्हा बघून उत्तर मिळणार नाही. जगभरातली ७० कोटी डॉलरहून जास्त कमाई तिकिटं विकली गेल्याचं सांगते, डोक्यात काय गेलं ते नाही. त्यासाठी बघणाऱ्यांशी बोलावं लागेल. जॅनिस रॅडवे यांनी प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन बायकांशी तसं बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायकांसाठी वाचत बसणं म्हणजे घरकामातून स्वतःसाठी काढलेला वेळही होता. नुसत्या कादंबऱ्या वाचून हे कळलं नसतं.

'न्यू मून'ची टिंगल करताना किंचाळणाऱ्या मुलींचीही टिंगल झाली. क्रिकेटच्या मैदानात ओरडणाऱ्या मुलग्यांना आपण कुणाच्या तावडीत सापडलेले भाबडे जीव म्हणत नाही. मुलींबद्दल तसं म्हणायचं असेल तर आधी त्यांना विचारावं लागेल.

तुमच्या प्रस्तावातलं असं एखादं वाक्य आज काढा आणि त्याचे दोन तुकडे करा: कृतीबद्दल काय म्हणायचंय, माणसांबद्दल काय म्हणायचंय. दुसऱ्या तुकड्यासाठी वेळ किंवा परवानग्या नसतील तर तो सरळ वगळा. पहिल्यावरही एक चांगला प्रबंध उभा राहतो.