महजराच्या तळाची नावे

इतिहास जपणे हे चांगले काम आहे, यावर वाद नाही. वाद आहे तो कोणाचा इतिहास जपला जातो आणि कोणाचा कुजू दिला जातो, यावर. आमच्या तालुक्याच्या गावी एक इतिहास मंडळ आहे. त्याच्या वार्षिक मेळाव्याला मी गेलो होतो. मंडळाचे नाव देत नाही. ते पुसून त्या जागी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही तालुक्याच्या मंडळाचे नाव घातले, तरी या लेखातले फारसे काही बदलणार नाही.

मेळावा रीतसर झाला. सकाळी गढीची फेरी, दुपारी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन, संध्याकाळी व्याख्यान. प्रदर्शनात तलवारी, नाणी, पगड्या, पानदाने आणि काही मोडी कागद. वस्तूंखाली घराण्यांची नावे. कोणाची तलवार, कोणाची पालखी हे नीट लिहिलेले. पालखी कोणी उचलली हे लिहिलेले नाही. गढी दाखवताना बुरूज कोणी बांधवला ते सांगितले; दगड कोणी वाहिले, वेठीला कोण धरले गेले, याबद्दल अवाक्षर नाही. फेरी गढीपासून निघून देवळापाशी संपली. महारवाड्याची वाट त्या दोहोंच्या मधूनच जाते. तिकडे कोणी वळले नाही.

कागदांत एक महजर होता. गावच्या शिवेच्या तंट्याचा गोतसभेने केलेला निवाडा. चिठ्ठीवर लिहिले होते : 'पाटील-कुलकर्णी यांच्या साक्षीने झालेला निवाडा.' मी कागद तळापर्यंत वाचला. तळाला बलुतेदारांची नावे आणि निशाण्या होत्या, आणि त्यांत दोन नावे 'नाक' या शेवटाची होती. हा 'नाक' कोणाचा, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतही तो पुन्हा पुन्हा भेटतो.

मी कार्यवाहांना विचारले, ही खालची नावे चिठ्ठीत का नाहीत? ते सज्जन गृहस्थ आहेत. हसून म्हणाले, "अहो गुरुजी, ते बलुतेदार. साक्षीला असतातच."

माझे सगळे भांडण या 'असतातच'शी आहे. शिवेचा तंटा पडला की गावाची हद्द कोठून कोठे जाते हे महाराला विचारले जाई, आणि ती शीव चालून दाखवायची तीही त्यानेच. म्हणजे ज्या माहितीवर तो निवाडा उभा राहिला, ती माहिती असणारा माणूसच चिठ्ठीवरून गळाला. कागद जपला, त्यातली माणसे टाकली. याला जतन म्हणायचे काय?

येथे एक सावधगिरी आपणही बाळगली पाहिजे. महजरावर नाव सापडले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. ती साक्ष हा मान नव्हता, वतनाच्या राबणुकीचाच तो भाग होता. हे वतन म्हणजे गळफास आहे हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा प्रस्थापितांनी पूर्वजांच्या तलवारी मिरवाव्यात आणि आपण पूर्वजांच्या निशाण्या मिरवाव्यात, असा हा मामला नाही. मागणी एवढीच, की कागद पुरा वाचा. तळापर्यंत वाचा.

मंडळाच्या श्रेयाचे माप त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. तो महजर मी वाचू शकलो, कारण मोडी मला याच मंडळाच्या वर्गात शिकायला मिळाली. ही परंपरा मोठी आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करून माळ्यावरची दप्तरे धुंडाळत हिंडले. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. हा उद्योग थक्क करणारा आहे. पण 'निवडक' या शब्दापाशी थांबा. निवडणारा कोण? दप्तर होते वाड्यांत, ते धुंडाळणाऱ्याला वाड्याचे दार उघडे होते, आणि त्याने निवडले ते मसलती, मोहिमा आणि घराणी. महारवाड्यात माळा नव्हता आणि माळ्यावर दप्तर नव्हते. म्हणून आम्हांला इतिहासच नव्हता, असा निष्कर्ष बिनबोभाट निघाला.

प्रत्यक्षात आमचा इतिहास पुष्कळदा प्रतिवादीच्या रकान्यात सापडतो. महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची चाल अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की ही चाल अनादि असल्याचे शाबीत झालेले नाही. याचा अर्थ नीट पाहा. तो दावा पाण्याचा होता तसाच तो इतिहासाचाही होता. 'पूर्वापार' या शब्दाला पुरावा मागितला गेला आणि 'पूर्वापार' हरले. इतिहास मंडळांच्या व्याख्यानमालांत तहांवर आणि मोहिमांवर व्याख्याने होतात. या निकालावर एखादे का होऊ नये?

आता बोट आपल्याकडे वळवतो. ते न वळवता हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमच्याच वस्तीत एक जुने कार्यकर्ते होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या काळापासूनचे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत परिषदांची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, जलशाच्या गाण्यांच्या वह्या होत्या. मी दोनदा पाहिल्या. 'सुट्टीत येऊन नकला करीन' असे दोनदा म्हणालो. ते वारले. महिन्याभराने गेलो तेव्हा ट्रंकेत गहू होते. कागद रद्दीत गेले होते. घरच्यांना मी काय बोल लावणार? त्या कागदांची किंमत त्यांना कोणी सांगितली नव्हती. सांगायला हवी होती ती मी, आणि मी त्या सुट्ट्यांत इतरांच्या इतिहासावर टीका करत सभा गाजवत होतो.

ज्यांनी असे केले नाही त्यांच्यामुळे आज आपल्या हातात काही आहे. खैरमोड्यांनी कागद आणि आठवणी जमवून बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली काढला आणि १९७१ साली मृत्यू येईपर्यंत तेच काम केले. रत्नाकर गणवीर यांनी 'बहिष्कृत भारता'तील अग्रलेख गोळा करून पुस्तकरूपाने काढले. वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून निघू लागले. 'मूकनायक' १९२० चा आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ चा. शासनाने त्यांचे पुनर्मुद्रण केले १९९० साली. मधल्या काळात ते अंक जगले ते कोणाच्या तरी घरच्या गाठोड्यात. आणि मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची तोंडी साक्ष हाच दस्तऐवज, हे त्यांनी करून दाखवले. यांतल्या बहुतेकांपाशी ना इमारत होती ना मंडळ.

म्हणून माझे म्हणणे दोन्हीकडे आहे. इतिहास मंडळांना : चिठ्ठ्या बदला, फेरीची वाट बदला, महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना व्याख्यानाला बोलवा, आणि श्रोते म्हणून नव्हे तर वक्ते म्हणून बोलवा. आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना, शिक्षकांना : मोडी शिका. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा आणि वस्तीतल्या प्रत्येक ट्रंकेची यादी करा. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या, नक्कल विहारात किंवा वाचनालयात ठेवा. एका म्हाताऱ्या बाईची एक आठवण तारखेसह लिहून काढणे हे मोर्चाइतकेच चळवळीचे काम आहे.

त्या महजराखालची चिठ्ठी मेळाव्यानंतर कार्यवाहांनी बदलली. दोन्ही नावे आता त्यात आहेत. ती मी वाचून सांगितली आणि त्यांनी आपल्या हाताने लिहिली. ट्रंकेतल्या वह्यांतली नावे मात्र मला कोणी विचारली, तर सांगता येणार नाहीत.