‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

पुण्यातील एका शाळेत आम्ही गेलो, त्याच्या आदल्या रात्री विज्ञानाच्या बाईंनी नववीची प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा टंकित केली होती. जुन्या फाइलचे नाव आठवेना. आत ‘अपवर्तन’ हा शब्द होता, एवढे नक्की. तो शोधाच्या चौकटीत घातल्यावर संगणक म्हणाला, काही सापडले नाही. आम्ही एकेक फाइल उघडत गेलो, तर प्रश्नपत्रिका बाईंच्याच ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये होती!

या शाळेत सर्वांचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सर्व्हरवर वळवले आहेत. विंडोज २००० पासून मिळणारी ही सोय चांगलीच आहे. कोणत्याही संगणकावर बसा, आपले काम समोर येते. एखादा संगणक बिघडला तरी काम बुडत नाही. पण फोल्डर दिसतो पूर्वीसारखाच, जणू समोरच्या खोक्यातच आहे. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये पत्ता दोन तिरप्या रेघांनी सुरू झालेला दिसला, तरच ती दूर असल्याचे कळते.

आम्ही एक प्रयोग केला. ‘कसोटी’ नावाची फाइल करून आत ‘अपवर्तन’ लिहिले. नावाने ती सापडली, आतल्या शब्दाने नाही. कारण साधे आहे. झटपट शोध फायली उघडून होत नाही; ग्रंथालयातील कार्डांसारखी आधीच केलेली शब्दसूची पाहून होतो. वळवलेल्या फायलींची प्रत समोरच्या संगणकावर राहत असेल, तर सूची तिथे बनते. नसेल, तर सर्व्हरवर शोधसेवा चालू करून तो फोल्डर सूचीत घ्यावा लागतो. यांपैकी काहीच नसेल, तर संगणक एरवी फक्त फायलींची नावे चाळतो. शाळेने सर्व्हरवर सूची करवली आणि प्रश्नपत्रिका शब्दावरून सापडू लागली.

जुन्या प्रश्नपत्रिका मात्र तरीही सापडेनात. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात पुण्याच्या सी-डॅकचे मोठे काम आहे. अक्षरांच्या संकेतांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले. तरीही पुढे अनेक वर्षे मराठी मजकूर अशा फॉन्टमध्ये टंकला गेला, की पडद्यावर ‘अ’ दिसतो, पण फाइलीत रोमन चिन्हाचा संकेत साठतो. युनिकोडमध्ये लिहिलेला ‘अपवर्तन’ त्याच्याशी जुळणार कसा? अशा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, हाच उपाय.

शोधाला मर्यादा असणे हा दोष नव्हे. मर्यादा लपवणे हा दोष आहे. ‘या फोल्डरचा आतला मजकूर मी पाहिलेला नाही’ एवढे वाक्य पडद्यावर आले असते, तर बाईंची रात्र वाचली असती. दुर्बिणीतून तारा दिसला नाही, तर दुर्बीण कोठे रोखली होती आणि आकाश निरभ्र होते का, हे आपण विद्यार्थ्यांना विचारतो. संगणकाच्या ‘नाही’लाही हेच प्रश्न विचारायला त्यांना शिकवू या.