पानिपतचा करडा रंग

रायगड-प्रतापगडच्या मुलखाचा छायांकित उठावनकाशा कोणालाही आवडतो. सावल्याच इतक्या गडद की सावित्रीचं खोरं कागदात खोल उतरलेलं दिसतं. पानिपतचा नकाशा मात्र सावकाश बघावा लागतो, आणि छायांकनातली खरी नजाकत कळते ती इथेच.

पहिल्या नजरेला नुसता करडा रंग. पण तोही हिशेबाने आलेला. प्रकाश वायव्येकडून, क्षितिजापासून 45 अंशांवरून येतो असं मानायचा प्रघात आहे. काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 255 धरलं, तर सपाट जमिनीच्या वाट्याला 180 येतात. प्रकाशाकडे तोंड केलेला एक अंशाचा उतार असेल तर 183. एवढ्याशा फरकावर पानिपतचं सगळं चित्र उभं राहतं.

टक लावली की ते उलगडू लागतं. पूर्वेला यमुनेचा सखल खादर, पश्चिमेला जुन्या गाळाचा उंच बांगर, मध्ये जुन्या काठाची बारीक काळसर कड. त्या काठाजवळ जुनं शहर किंचित वर आलेलं. हा उंचवटा डोंगराचा नव्हे; पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर पुन्हा घरं बांधत गेल्याने झालेलं ते टेकाड आहे. 2000 साली एन्डेव्हर यानातल्या रडारने जगभरच्या उंच्या टिपल्या, त्यांत तर इमारतींची उंचीही मिसळली आहे. आख्ख्या कागदावर नजर खिळवणारा उठाव आहे तो माणसांनी रचलेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कागद उलटा धरा. टेकाडाचा खड्डा होतो आणि खादर वर उचलला जातो. प्रकाश वरून, त्यातही जरा डावीकडून येतो, असं डोळा धरूनच चालतो, आणि कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर. म्हणून सूर्य वायव्येला बसवावा लागतो. खऱ्या उन्हात टिपलेल्या उपग्रहचित्रांत हिमालयातल्या दऱ्या अनेकांना डोंगरधारा वाटतात त्या याचमुळे.

पानिपतच्या आकाशात वायव्येला 45 अंशांवर सूर्य कधीच येत नाही. 14 जानेवारीला, म्हणजे 1761 मधल्या लढाईच्या तारखेला, भरदुपारी तो दक्षिणेला जेमतेम 39 अंशांवर असतो. भाऊसाहेबांची फौज दिल्लीच्या रोखाने, दक्षिणेकडेच निघाली होती. ऊन समोरून होतं. नकाशात उजेड तिच्या पाठीमागून पडतो. या मैदानाचा नकाशा बघताना हे मला विसरता येत नाही. आडोशाला एक सोंड नाही, एक घळ नाही. एवढा मोठा करडा पट्टा मराठी डोळ्याला जड जातो.

झुरिच विद्यापीठातल्या बिलंड आणि चोल्तेकिन यांनी 2017 मध्ये चाचण्या घेऊन दाखवलं, की प्रकाश वायव्येहून आणखी उत्तरेकडे सरकवला तर दरी-डोंगराची गफलत कमी होते. सह्याद्रीसाठी मी ते लगेच मानेन. पानिपतला मात्र यमुनेचा जुना काठ साधारण उत्तर-दक्षिण धावतो. उजेड उत्तरेकडे नेला की तो त्या काठाला जवळजवळ समांतर पडतो आणि कडेची सावली निम्म्यावर येते. उंची दहापट फुगवण्याचा उपाय आहे, पण मग रडारच्या मोजणीतल्या चुकाही टेकड्या होऊन उभ्या राहतात. मी इथे उजेड उलट पश्चिमेकडे, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या 300 अंशांवर घेईन, थोडा खालीही उतरवेन, आणि उंचीला हात लावणार नाही.