पडद्यावरील नदी

नदी पडद्यावर आणणें हें वरकरणी सोपें काम वाटतें. पाणी आपण होऊन हलतें, चकाकतें, आकाश धरून ठेवतें. कॅमेरा काठावर मांडला कीं निम्मी शोभा आयतीच साधते. परंतु पाण्याचें चित्र म्हणजे नदीचें चित्र नव्हे. काठच्या माणसांचा तिच्याशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा जो व्यवहार जडलेला असतो, त्यासह ती नदी होते. तो व्यवहार दाखवावयाचा तर नुसती सौंदर्यदृष्टि पुरत नाहीं.

मराठी चित्रपटानें नदीला फार पूर्वींच स्थान दिलें. १९३६ सालच्या 'संत तुकाराम' ह्या चित्रपटांत दामले-फत्तेलाल यांनीं इंद्रायणी दाखविली ती देवता म्हणून. अलीकडे निखिल महाजन यांनीं 'गोदावरी'त नदीला माणसांत आणून बसविलें. २०२१ साली हा चित्रपट गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत दाखविला गेला. तेथें जितेंद्र जोशी यांस उत्कृष्ट नटाचें पारितोषिक मिळालें, आणि पुढें महाजन यांस दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारहि लाभला. त्याचा नायक निशिकांत नाशकांत भाडीं वसूल करीत हिंडतो, घरच्यांपासून वेगळा राहतो आणि नदीचा मनस्वी तिटकारा करतो. मरण समोर उभें राहिल्यावर मात्र तो तिच्याकडे नव्यानें पाहूं लागतो. नदीवर रागावणारा माणूस दाखविणें, हें ह्या कृतीचें खरें मोठेपण होय. कारण राग नात्यांतच येतो, केवळ पूजा करणाऱ्यास तो येत नाहीं. तथापि एक उणीव मला जाणवली. गोदावरी येथें नायकाच्या मनाला निवविण्यासाठीं वाहते. तिचें स्वतःचें दुखणें काय, हा प्रश्न मागेंच राहतो.

ह्या प्रश्नाला सामोरा जाणारा चित्रपट ऋत्विक घटक यांनीं १९७३ साली बंगालींत काढला. 'तिताश एकटि नदीर नाम' ही अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीवर आधारलेली कृति. तींत नदी आटत जाते आणि तिच्याबरोबर मालो कोळ्यांची वस्तीहि विरून जाते. शेवटीं बासंती नांवाची स्त्री कोरड्या पात्रांतील वाळू हातांनीं उकरते. आमच्या महाविद्यालयांत हा चित्रपट दाखविल्यावर मीं ह्या प्रसंगाच्या प्रतीकात्मतेविषयीं बराच वेळ बोललों. तेव्हां दर्यापूरकडचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, ते बाई तं झिरा खंदून राह्यली." सारा वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. मीं ज्यास प्रतीक म्हणत होतों, तें त्याच्या आजीचें नित्याचें काम होतें.

आमच्या वऱ्हाडाची पूर्णा सातपुड्यांतून उतरते व अमरावती, अकोला, बुलढाणा हे जिल्हे ओलांडून तापीस मिळते. तिच्या दोन्ही तीरांस खारपाणपट्टा पसरलेला आहे: जमीन काळी, कसदार, परंतु विहिरीचें पाणी तोंडीं धरवत नाहीं. उन्हाळ्यांत पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. अकोल्याच्या मोर्णेची दशा तर अशी झाली कीं २०१८ च्या जानेवारींत हजारों नागरिकांस पात्रांत उतरून जलपर्णी उपसावी लागली. अशा नद्यांस कॅमेऱ्यापुढें मिरवावयास रूप नाहीं. म्हणून सौंदर्य हीच कसोटी धरली, तर त्या पडद्यावर कधींच येणार नाहींत. आणि जें कलेला दिसत नाहीं, तें गमावण्याची समाजालाहि हळूहळू संवय होते. माझी खरी चिंता ही आहे.

वस्तुतः नाट्य येथें थोडें नाहीं. श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं अकोल्याचे शिवभक्त गांधीग्रामला पूर्णेचें पाणी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन पायीं राजराजेश्वराच्या मंदिरीं आणतात. १९४४ च्या अवर्षणांत ही प्रथा पडली, असें सांगतात. पाऊस नाहीं म्हणून माणसांनीं नदीच खांद्यावर उचलली! ह्या वाटेवर जो दिग्दर्शक कॅमेरा घेऊन चालेल, त्यानें ढोलताशांच्या गजरावर आणि रोषणाईवर थांबूं नये. चैत्र-वैशाखांत त्यानें पुन्हां त्याच पात्राकाठीं यावें, एखाद्या झिऱ्याशीं बसावें, आणि तळाला पाणी जमेपर्यंत कॅमेरा चालूं ठेवावा. प्रेक्षक कंटाळतील, अशी भीति त्यानें बाळगूं नये. आमच्याकडच्या बायका तेवढा वेळ रोज थांबत आल्या आहेत.